ट्रेबलचं बटण

अ‍ॅम्प्लिफायर मेला, असं यादोरावांनी बपेऱ्यात निदान दहा जणांना सांगितलं. पानठेल्यावर सांगितलं, विहाराच्या ओट्यावर सांगितलं, आणि ज्यांना अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं त्यांना दोनदोनदा सांगितलं. ऐकणारे मान हलवत आणि आपल्या वाटेला लागत, कारण यादोरावांशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे आणि सकाळी सकाळी तेवढा दम कोणात नसे. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. फक्त यादोरावांना नव्हती. त्यांच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते.

मरायला अ‍ॅम्प्लिफायरने वेळही नेमकी साधली होती. वीस फेब्रुवारीला यादोरावांच्या बायकोला, बायजाबाईंना, जाऊन वर्ष होणार होतं. विहारात बुद्धवंदना, मग यादोरावांचं स्टील गिटार, मग खीर, असं ठरलं होतं. त्यातलं गिटार ठरवून गेल्या होत्या त्या बायजाबाईच. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "माह्या मागं रडत बसू नोका. माहं रोवण्याचं गाणं वाजवा." यादोरावांनी हो म्हटलं होतं. सातव्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाला त्यांनी गिटारची पेटी मांडीवर घेतली, खटका उघडला आणि परत लावला. लोकांनी समजून घेतलं, पण यादोरावांना ते स्वतःला माफ करता आलं नाही. वर्षाला नक्की वाजवीन, असं त्यांनी तिच्या फोटोला सांगितलं आणि वर्षभर तारेला बोट लावलं नाही. आता अकरा तारखेला तारा बदलून अ‍ॅम्प्लिफायर लावला, तर आवाज निघाला तो गोणपाटाखालून निघावा तसा. धार नाही, चमक नाही. वरच्या पट्टीत गेलं की सूर विझूनच जायचा.

आणि बायजाबाईंचं गाणं सगळं वरच्या पट्टीतलं. आषाढात बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकून रोवणी करताना बाया गातात, त्यातलं ते. पहिली ओळ खाली चिखलात, दुसरी एकदम वर, पार पलीकडच्या बांधीतल्या बायांना ऐकू जाईल अशी. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात यादोरावांनी ते बांधावर बसून ऐकलं आणि घरी येऊन गिटारवर बसवलं. गिटार त्यांना मिळालं होतं जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधल्या एका बंगाली बाबूकडून. यादोराव त्या घराला रंग द्यायला गेले होते. बाबूने आठ दिवस त्यांना मांडीवर आडवं गिटार कसं धरायचं, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून कशी सरकवायची ते शिकवलं, आणि बदली झाल्यावर गिटारच देऊन टाकलं. प्लायवूडचा, काळं रेक्झिन लावलेला अ‍ॅम्प्लिफायर पुढे नागपूरच्या एका रेडिओवाल्याने बांधून दिला. तेव्हापासून पंचक्रोशीतल्या जयंतीच्या, लग्नाच्या, नामकरणाच्या प्रत्येक कार्यक्रमात यादोराव वाजवायचे आणि बायजाबाई पहिल्या रांगेत बसायच्या.

पहिल्या रांगेत बसणं हे त्यांचं कामच होतं. यादोराव पहिला सूर लावून त्यांच्याकडे बघायचे. बायजाबाईंनी डोळे मिटून मान डोलावली की आवाज बरोबर. मग यादोराव पुढे निघायचे ते थेट शेवटालाच थांबायचे. त्यांना दुसऱ्या कोणाची दाद लागत नसे, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाची ते ऐकूनही घेत नसत.

पोटाचा धंदा मात्र राइस मिलचा. तुमसर रोडवरच्या एका मिलमध्ये यादोराव तीस वर्षं पॉलिशरवर उभे होते. तिथल्या धडधडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मालक कानात घालायला कापूस द्यायचा, यादोराव तो खिशात घालून घरी आणायचे आणि बायजाबाई तो उशीत भरायच्या. कापूस न घालण्याचं कारण होतं. आत तांदूळ तुटायला लागला की पॉलिशरच्या आवाजात एक बारीक चिरका सूर येतो. तो कानाने पकडून वेळीच दाब कमी केला नाही, तर चांगल्या तांदळाची कनकी होते. यादोरावांच्या पाळीत मिलमध्ये सगळ्यात कमी कनकी पडे आणि ह्याची त्यांना गिटारइतकीच घमेंड होती. मालकाचा तांदूळ अख्खा राहिला. कान यादोरावांचे गेले, पण ते इतक्या हळूहळू गेले की जाताना त्यांचा आवाज झाला नाही.

बारा तारखेला यादोराव अ‍ॅम्प्लिफायर बसमध्ये मांडीवर घेऊन तुमसरला गेले. बसस्टँडमागे कैलाशचं दुरुस्तीचं दुकान आहे. कैलाश पन्नाशीचा, वीस वर्षांपासून ह्या डब्याची दुरुस्ती त्याच्याच हातची. त्याने मागची फळी काढली, मीटर लावलं, फुंकर मारली, दोन ठिकाणी झाळ दिली आणि म्हणाला की ह्याच्यात काहीच बिघाड नाही. यादोरावांनी विचारलं, मग आवाज असा का. कैलाशने हातातला पेचकस पुसून खाली ठेवला. मग मोठ्याने, पण शक्य तेवढ्या प्रेमाने म्हणाला, "काका, डब्बा ठीक आहे. एकदा भंडाऱ्याले कान दाखवून या."

यादोरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षं ज्या कानांनी तांदूळ तुटताना ऐकला त्या कानांना हा कालचा पोरगा दाखवून या म्हणतो. त्यांनी त्याला तसं ऐकवलंही. डबा तिथेच टाकून ते निघाले आणि जाताना सांगून गेले की नवा अ‍ॅम्प्लिफायर आणून दाखवतो, मग कळेल बिघाड कशात आहे.

भंडाऱ्याला दिलेली त्यांची मुलगी तृप्ती आईच्या वर्षासाठी आठवडाभर आधीच माहेरी यायला निघाली होती. यादोरावांनी तिला तिथेच थांबवलं आणि गिटार घेऊन स्वतः भंडाऱ्याला पोचले. दहा हजारांच्या आत काय मिळतं, ते बापलेक शोधायला लागले.

पहिल्या दुकानात भजन मंडळांना देतात तसला होता. त्यातून गिटार असं निघालं की जणू ग्रामपंचायतीची सूचनाच चालली आहे. दुसऱ्याने चाकांचा मोठा स्पीकर पुढे ढकलला. चालू करताच आतून एक बाई इंग्रजीत बोलली आणि लाल-निळे दिवे पळायला लागले. दुकानदार म्हणाला, हाच सगळ्यात जास्त जातो. यादोरावांनी विचारलं की ह्यातली बाई बंद करता येते का, तर ती येत नव्हती. तिसऱ्या दिवशी ते नागपूरला गेले. तिथला पोरगा चांगला होता. त्याने यादोरावांना स्टुलावर बसवलं, पंखा लावला, गिटारचा एक छोटा अ‍ॅम्प दिला. त्यात सूर फाटून खरखरत निघाला. हल्ली तसाच आवडतो, असं त्याने सांगितलं. मग त्याने कीबोर्डचा लावून दिला, स्वच्छ आवाजाचा, आणि किंमतही थोडी खाली आणली. स्टील गिटारला हाच घ्या, असं त्याने मनापासून सांगितलं. तृप्तीलाही तोच आवडला. ती म्हणाली, आई असती तर हाच घ्या म्हणाली असती.

यादोरावांनी त्यावर बायजाबाईंच्या गाण्याची दुसरी ओळ वाजवली. कांडी वर सरकली, तार थरथरताना बोटाला कळली, आणि सूर गोणपाटाखाली गेला. त्यांनी ट्रेबलचं, म्हणजे बारीक सूर वर काढणारं, बटण शेवटपर्यंत फिरवलं, तरी तेच. दुकानातली दोन गिऱ्हाईकं कपाळाला आठ्या घालून वळली. यादोराव त्यांच्याकडे बघत नव्हते. ते समोर बघत होते, जिथे कोणी तरी बसलेलं असायला हवं होतं आणि नुसती काचेची भिंत होती. चार दिवस उरले होते. ज्या बाईने चाळीस वर्षांत स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, ती द्यायला आपल्याजवळ डबा नाही, ह्या विचाराने तो म्हातारा माणूस परक्या दुकानात रडायच्या बेताला आला. तृप्तीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर ते तिच्यावरच खेकसले, की तुला यातलं काय कळतं.

सतराला ते परत कैलाशकडे आले, कारण आता जायला दुसरी जागा नव्हती. बालाघाटकडचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि त्याचं सामान कैलाशने उचललं होतं. त्यात एक मोठा, पत्र्याच्या कोपऱ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर होता. यादोरावांनी तो लावला, ट्रेबल पुरती उघडली, आणि कांडी वर नेली. सूर आला. बारीक, लांबून, पण आला. यादोरावांचा चेहरा उजळला. दुकानाबाहेर झोपलेलं कुत्रं उठून पलीकडे गेलं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

कैलाश सांगत होता की हा शिट्टी मारतो, घेऊ नका, जुनाच घेऊन जा. यादोराव म्हणाले, "मेलेला डब्बा घरी नेऊन काय करू? तो तू ठेव, याच्यात कमी कर." कैलाशने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात यादोरावांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर मांडला. शेजारच्या देवकाबाईंना मुद्दाम बोलावलं. त्या बायजाबाईंच्या रोवणीतल्या जोडीदारीण, एका बांधीत शेजारी शेजारी वाकून म्हाताऱ्या झालेल्या, गाणं त्यांना पाठ. यादोरावांनी पहिली ओळ वाजवली, मग कांडी सरसर वर नेली आणि डोळे मिटून त्या सुरावर थांबले. आठवड्याभरात पहिल्यांदा त्यांना निवांत वाटलं. डोळे उघडले तेव्हा देवकाबाईंनी पदर दोन्ही कानांवर दाबून धरला होता. पलीकडच्या घरातलं तान्हं पोर तोंड फाडून रडत होतं. यादोरावांना त्याचं तोंडच दिसलं. तृप्ती दाराशी उभी होती आणि हसत होती, दाढ दुखत असताना माणूस हसतो तशी.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे, बाबा," तृप्ती म्हणाली.

यादोराव हेकट होते, बावळट नव्हते. त्यांनी एकदा देवकाबाईंच्या पदराकडे पाहिलं, एकदा मुलीच्या तोंडाकडे, आणि वायर काढली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मिलमधल्या कापसाची उशी मांडीवर घेऊन बसून राहिले. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, टीव्ही बिघडला आहे, मोबाइलची घंटी कमी वाजते, बायजा गेल्यापासून चिमण्याही कमी झाल्या, असं वर्षभर जे जे त्यांनी दुसऱ्यावर ढकललं होतं ते एकेक करून परत येत होतं. तरी त्यांनी एक आशा धरून ठेवली. वर्षापूर्वीपर्यंत तर सगळं नीट होतं. त्या जुन्या डब्यावर त्यांनी वाजवलेलं बायजाबाईंनी ऐकलं होतं, मान डोलावली होती. मग तो डबाच परत आणायचा.

एकोणीसला पहिल्या बसने ते तुमसरला गेले. कैलाश शटर वर करत होता. यादोरावांनी नमस्कारही न करता सांगितलं की माझा डब्बा दे, तुझा परत घे, वर काय द्यायचं ते सांग. कैलाशचा हात शटरवरच राहिला. लग्नसराईचे दिवस होते. काल दुपारीच एक डीजेवाला आला होता आणि त्या जुन्या डब्यातले स्पीकर, ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन गेला होता. खोकं फोडून मागे टाकलं होतं. पुढची पट्टी तेवढी शाबूत होती, तीन बटणांची.

यादोराव स्टुलावर बसले. कैलाशने पट्टी आणून त्यांच्या हातात दिली. तिसऱ्या बटणाशेजारी, अर्ध्याच्या थोडं अलीकडे, नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता. तो त्यांनी हजारदा पाहिला होता. तृप्तीने लहानपणी कधी तरी लावला असेल असं समजून सोडून दिला होता.

"हे काकूनं लावलं," कैलाश म्हणाला. मग त्यांच्या कानाशी वाकून, एकेक शब्द वेगळा करत त्याने सांगितलं. दहा-अकरा वर्षं झाली असतील. यादोराव मिलमध्ये असताना काकू एकट्या डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, हे आता बटन पुरं फिरवतात, लोकं कान झाकतात, मागून हसतात. ह्यांना सांगितलं तर हे गिटार सोडतील. कैलाशच्या पोराला त्यांनी तार छेडायला बसवलं आणि अर्धा दिवस ट्रेबलचं बटण पुढेमागे करत बसल्या. इथे नाही, थोडं मागे. इथेही नाही. शेवटी एका जागी थांबल्या, पिशवीतून नेलपॉलिश काढलं आणि ठिपका लावला.

"म्हने, इथं ह्याहिचा हात ऐकू येते. मंग माह्याकडून वचन घेतलं का हे तुमाले सांगाचं नाई. आता काकू नाई, डब्बाही नाई. मंग कायले लपवू?"

कार्यक्रमाआधी यादोराव चहा प्यायला उठले की बायजाबाई वायर बघते म्हणून पुढे जायच्या. यादोरावांना ते आठवलं. दर वेळी जायच्या. आणि मग पहिल्या रांगेत येऊन बसायच्या, डोळे मिटायच्या, मान डोलवायच्या. म्हणजे दहा वर्षं आवाज त्यांना असाच गोणपाटाखालून येत होता आणि तिची मान पाहून ते ऐकू आल्याचं समजत होते.

परतीच्या बसमध्ये पट्टी पिशवीत होती आणि यादोरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बायजावर राग आला, इतका की फोटो उलटा करून ठेवावा. दहा वर्षं गावासमोर आपल्याला लहान पोरासारखं सांभाळलं. मग लाज वाटली. मग सिहोरा गाव मागे गेलं आणि त्यांना ती दुकानातल्या स्टुलावर बसलेली दिसली, अर्धा दिवस, परक्याच्या पोराकडून तार छेडून घेत, एवढ्याशा बटणातून नवऱ्याचा हात शोधत. खिडकीकडे तोंड करून ते रडले. कंडक्टरने विचारलं तर त्यांना ऐकू आलं नाही, आणि ह्या वेळी ते का आलं नाही हे त्यांना माहीत होतं.

उद्या वाजवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. घरी पोचेपर्यंत तरी ठरलेलंच होतं. अंगणात तृप्ती आईच्या फोटोची काच पुसत होती. तिने मोठ्याने विचारलं की काय झालं, कैलाशने डबा दिला का. वर्षाला वाजवीन असं ज्या फोटोला सांगितलं होतं, त्याच्याकडे बघत यादोराव म्हणाले, नाही दिला, उद्या नव्या डब्यावरच वाजवतो. पट्टीचं त्यांनी तिला काही सांगितलं नाही.

वीसला विहारात माणसं दाटली. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पुढे, देवकाबाई सगळ्यांत पुढे, कडेला तृप्ती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. यादोरावांनी गिटार मांडीवर घेतलं, ऑर्केस्ट्राचा तो डबा चालू केला, आणि ट्रेबलचं बटण बोटांत धरलं. इथे ठिपका नव्हता. बायजाची खूण ह्या डब्याला लागू नव्हती. कुठे थांबायचं हे सांगायला आता कोणी नव्हतं. त्यांना ऐकू येईल अशी एकच जागा होती, ती शेवटची. त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग गिटार डब्याशेजारी ठेवून उठले, आणि चहा पिऊन येतो म्हणून ओट्याच्या कडेला गेले.

कपबशी हातात घेऊन ते पाठमोरे उभे राहिले. विहाराच्या बाहेर उघडलेल्या खिडकीची काच समोर होती आणि तिच्यात आतलं सगळं आरशासारखं दिसत होतं. त्यांना दिसलं, तृप्ती उठली. कोणी बघतं का ते पाहत, वायर नीट करते अशा आविर्भावाने ती डब्याशी वाकली. एका बोटाने तिने तार हलकीच छेडली, बटण मागे घेतलं, मान तिरपी करून ऐकलं, आणखी थोडं मागे घेतलं. मग पुन्हा छेडली. तिला जागा सापडत नव्हती.

यादोरावांचा चहा संपला होता. त्यांनी कप पुढे केला आणि आणखी एक मागितला. तो सावकाश, फुंकून फुंकून प्याले. काचेत तृप्ती आपल्या जागेवर जाऊन बसल्यावरच ते वळले.

त्यांनी बटणाकडे पाहिलं नाही. पहिली ओळ वाजवली. देवकाबाईंचे ओठ हलायला लागले, मग त्यांच्या मागच्या दोघींचे. कांडी वर निघाली, सवयीने, बोटांच्या आठवणीने, आणि जिथे बायजाबाईंचा सगळ्यात उंच सूर होता तिथे जाऊन थांबली. देवकाबाईंचं तोंड उघडं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यादोरावांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तृप्तीने डोळे मिटले आणि मान डोलावली.